निळ्या पिंपातली मटकी: ठाण्यातल्या एका गाळ्यातली नासाडी आणि पेशींचं श्वसन

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराचा एक गाळा आहे. चार बायका मिळून तिथे मोड आलेली कडधान्यं तयार करतात आणि मिसळवाल्यांना, पोळी-भाजी केंद्रांना पुरवतात. रोजचा माल ५ किलो कोरडी मटकी. सकाळी भिजत घालायची, संध्याकाळी उपसायची, फडक्यात बांधून चार गाठोडी वेताच्या टोपल्यांत ठेवायची. दुसऱ्या दिवशी पहाटे बोटाच्या पेराएवढे मोड. या पद्धतीत कधी काही बिघडलं नव्हतं.

ऑक्टोबरात एकदम २० किलोची ऑर्डर आली. एवढी गाठोडी बांधत कोण बसणार, म्हणून १०० लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप आणलं. मटकी नेहमीच्याच दुकानातली, पाणी नळाचंच. सकाळी ८ ला भिजत घातली, संध्याकाळी ५ ला उपसली, पिंपात भरली. वर ओलं फडकं, त्यावर झाकण. झाकण कडीने आवळलं नव्हतं, उंदीर जाऊ नये म्हणून नुसतं टेकवलं होतं. रात्री नऊला आणि बाराला झाकण काढून पाणी शिंपडलं, हात पोचेल तेवढी मटकी वर-खाली केली.

सकाळी सहाला पिंप उघडलं तर वरचा चार बोटांचा थर झकास. त्याखाली हात घातला तो गरम लागला. मोड आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी, आणि वास ताडीसारखा. तळाशी मटकी बुळबुळीत, दाणे दाबले की साल सुटून येत होतं, वास आंबूस आणि कुजका. स्वयंपाकघरातला थर्मामीटर खुपसून पाहिला: गाळ्यातली हवा ३०, वरचा थर ३२, मधोमध ३९, तळाशी ३३ अंश सेल्सिअस.

थरांचे हे तीन आकडे लक्षात ठेवावेत, कारण प्रकरणाचा उलगडा त्यांतच आहे.

पहिले संशय

दोष आधी बियाण्याला गेला. "जुनी मटकी दिली त्याने, गणंग निघाली सगळी." गणंग म्हणजे न भिजणारा, दगडासारखा राहणारा दाणा. पण तो आंबत नाही, तसाच कडक राहतो. इथे दाणे भिजले होते, मोडही फुटले होते, मग मरगळले होते. शिवाय त्याच गोणीतली मूठभर मटकी एकीने घरी फडक्यात बांधली होती आणि तिला छान मोड आले होते. बियाणं सुटलं. पाण्यावरचा संशय वरच्या थरानेच खोडून काढला, कारण तेच पाणी त्यालाही होतं.

उरलं पिंप. पिंपात असं काय होतं जे टोपलीत नव्हतं? बायकांचं उत्तर होतं, "कोंदटलं." अगदी बरोबर उत्तर आहे. फक्त कोंदटणं म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत मांडलं की पुढची चूक टळते.

दाणा रात्रभर काय करत होता

कोरडा दाणा जवळपास निपचित असतो. पाणी आत शिरलं की त्याच्यातली विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि साठवलेल्या पिष्टाचे तुकडे करून ग्लुकोज मोकळं करू लागतात. हे ग्लुकोज पेशीला थेट खर्चता येत नाही. मोड वाढवायचा म्हणजे नवी पेशीभित्ती बांधायची, प्रथिनं जोडायची, क्षार आत खेचायचे. या प्रत्येक कामाला एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा वाहून नेणारा रेणू, लागतो, ग्लुकोज नाही. गव्हाची गोणी देऊन रिक्षाचं भाडं भागत नाही, आधी ती विकून सुटे पैसे करावे लागतात, तसंच हे.

सुटे पैसे करण्याचा पहिला टप्पा पेशीद्रव्यात होतो. सहा कार्बनचा ग्लुकोजचा रेणू फुटून तीन कार्बनच्या पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. निव्वळ कमाई २ एटीपी. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही, पण एनएडी नावाचा वाहक लागतो. तो इलेक्ट्रॉन उचलतो आणि एनएडीएच बनतो.

पुढचं काम तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात). पायरुविक आम्लातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातो, उरलेला तुकडा क्रेब्ज चक्रात शिरतो (हान्स क्रेब्ज यांनी ते १९३७ साली मांडलं) आणि बाकीचे कार्बनही तसेच बाहेर पडतात. आपण उच्छ्वासात सोडतो तो कार्बन डायऑक्साइड मुख्यतः इथला. इलेक्ट्रॉनांनी भरलेले वाहक तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर रिकामे होतात. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि त्या उताराच्या जोरावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. धरणात पाणी साठावं तसे ते एका बाजूला साठतात आणि एटीपी सिंथेज या फिरत्या यंत्रातून परत येताना एटीपी घडवतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा अनेकांना पटली नव्हती, १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं.

ऑक्सिजनचं काम अगदी शेवटी. उतरून आलेले इलेक्ट्रॉन तो उचलतो आणि त्याचं पाणी होतं. बस, एवढंच. पण तो नसेल तर इलेक्ट्रॉनांना जायला जागा उरत नाही, सगळी साखळी तुंबते, वाहक भरलेलेच राहतात आणि मागचं क्रेब्ज चक्रही थांबतं.

हे सगळं मिळून पेशींचं श्वसन. ते सुरळीत चाललं तर एका ग्लुकोजमागे ३० ते ३२ एटीपी मिळतात. बऱ्याच शालेय पुस्तकांत अजून ३८ छापलेलं असतं; तो जुना, गळती न धरता केलेला हिशेब आहे. परीक्षेपुरता पाठ असायला हरकत नाही. ३०-३२ धरले तरी ग्लुकोजमधल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भागच एटीपीत पकडला जातो. बाकीची तिथल्या तिथे उष्णता होते. आणि एटीपी खर्च झाला की त्यातलीही बरीचशी शेवटी उष्णताच.

पिंपाचं गणित

२० किलो कोरडी मटकी भिजून साधारण ४० किलो होते. ३० अंशांच्या आसपास मोड येत असलेलं कडधान्य किलोमागे ताशी अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं असं ढोबळमानाने धरू. दाण्याचं वय आणि तापमान यांनुसार हा आकडा निम्मा किंवा दुप्पट होऊ शकतो, पण निष्कर्ष बदलत नाही.

म्हणजे ४० किलोमागे ताशी २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्यासाठी ताशी १४.५ ग्रॅम ऑक्सिजन हवा. आता पिंपात हवा किती? मटकीने साधारण ६० लिटर जागा व्यापली. दाण्यांमधल्या फटी आणि वरची मोकळी जागा मिळून हवा सुमारे ६० लिटर. तिच्यात ऑक्सिजन जेमतेम १६ ग्रॅम. तासाभराची बेगमी! संध्याकाळी नुकत्याच भिजलेल्या दाण्याचं श्वसन मंद असतं, म्हणून दोन-अडीच तास धरा. रात्र तेरा तासांची होती.

उष्णतेचा हिशेब याहून बोलका आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळालं की २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे २८०० किलोज्यूल उष्णता. त्या प्रमाणात ताशी २० ग्रॅम म्हणजे २१२ किलोज्यूल, म्हणजेच ६० वॅट. पिंपाच्या पोटात जुना पिवळा बल्ब रात्रभर पेटता ठेवावा, तसं. उष्णता बाहेर पडलीच नाही तर ४० किलो ओली मटकी ताशी दीड अंशाने तापेल.

इथे एक गोम आहे. झाकण खरोखर हवाबंद असतं, तर मटकी एवढी तापलीच नसती. आतल्या १६ ग्रॅम ऑक्सिजनवर फार तर २३०-२४० किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे अख्ख्या पिंपाची दीड-पावणेदोन अंशांची वाढ. मधला थर ३९ ला गेला म्हणजे तिथवर हवा येत होती: टेकवलेल्या झाकणाच्या फटीतून, दोन वेळा उघडल्यामुळे, आणि हाताने वर-खाली केल्यामुळे. ती भट्टी पेटती ठेवण्याइतकी होती, पेशींना पुरेल इतकी नव्हती.

म्हणूनच सर्वांत घाण वास तळाशी आणि सर्वांत जास्त ताप मधोमध, हे कोडं सुटतं. तळाला निथळलेलं पाणी साचलं होतं. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम. वर तो पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. तळाची मटकी पहिल्यापासूनच ऑक्सिजनविना होती, आणि ऑक्सिजनविना उष्णताही फार निघत नाही.

ताडीचा वास कुणाचा?

आंबणं म्हणजे जंतूंचं काम, असं आपण धरून चालतो. तळाच्या बुळबुळीतपणात जंतूंचा वाटा नक्कीच आहे. पण मधल्या थरातला तो गोडसर दारूचा वास आधी दाण्यांनी स्वतःच काढलेला असतो.

साखळी तुंबली की पेशीकडे एकच मिळकत उरते: पहिल्या टप्प्यातले २ एटीपी. तोही टप्पा चालू राहायला रिकामा एनएडी हवा, आणि सगळे वाहक तर भरून बसलेले. मग वनस्पतीची पेशी पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून अ‍ॅसिटाल्डिहाइड करते आणि भरलेल्या वाहकातले इलेक्ट्रॉन त्यावर ओतून इथेनॉल, म्हणजे दारू. वाहक मोकळा होतो. यालाच किण्वन म्हणतात. या शेवटच्या पायरीतून एकही जादा एटीपी मिळत नाही. किण्वन "ऊर्जा मिळवण्यासाठी" होतं असं मोघम लिहिलेलं असतं, ते इथे फसतं. किण्वन वाहक रिकामे करण्यासाठी असतं.

३०-३२ च्या जागी २. तेवढेच एटीपी हवे असतील तर पंधरापट ग्लुकोज फोडावं लागेल. दाणा वेग वाढवतो खरा, पण पंधरापट नाही. आधी वाढ थांबते, म्हणून मोड आखूड. मग पटलं सांभाळण्यापुरतेही एटीपी पुरत नाहीत, पेशी गळू लागतात, आतली साखर बाहेर झिरपते, आणि जंतूंना आयतं पंगतीचं पान मिळतं. बुळबुळीतपणा तिथून सुरू होतो. मधल्या थरात ३९ अंशांच्या तापमानाने भर घातली: तापमान वाढलं की श्वसन वाढतं, श्वसन वाढलं की ऑक्सिजनची मागणी वाढते, आणि पुरवठा तेवढाच.

या मटकीचं करायचं काय, यावर गाळ्यात वाद झाला. "फेकायची कशाला ताई, खळाखळा उकळून घेऊ की, मिसळीत काय कळतंय." कळलं नसतं, हे खरंच. पण ऊबदार, ओल्या, गळक्या दाण्यांवर रात्रभर काय काय वाढलं हे वासावरून ठरत नाही, आणि बॅसिलस सीरियससारख्या जंतूचं उलटी आणणारं विष उकळूनही नष्ट होत नाही. वरचा चांगला थरही वेगळा काढून विकायचा नाही, कारण त्याच हाताने वर-खाली केलेलं होतं. सगळी ४० किलो मटकी खतात गेली.

पडताळा

पुन्हा २० किलो पणाला लावण्याआधी तीन बादल्यांचा छोटा प्रयोग केला. झाकणाच्या २० लिटरच्या तीन बादल्या. पहिलीत मोड फुटत असलेली २ किलो मटकी, दुसरीत २ किलो कोरडी, तिसरीत भिजवून, उकळून गार केलेली तेवढीच. तीन तासांनी झाकण जरासं सरकवून तारेला टांगलेलं निरांजन हळूच आत सोडलं. पहिल्या बादलीत ते लगेच विझलं, उरलेल्या दोन्हींत तेवत राहिलं. उकळलेल्या दाण्यात पिष्ट तेच, पाणी तेच, फक्त विकरं मेलेली.

विझण्याचं कारण नुसता कमी ऑक्सिजन की जमलेला कार्बन डायऑक्साइड, हे निरांजन सांगत नाही. त्यासाठी पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरची निवळी गाळून घेतली आणि बादलीतली हवा मोठ्या सिरिंजने ओढून नळीतून तिच्यात सोडली. पहिल्या बादलीच्या हवेने निवळी दुधाळ झाली. (निवळी डोळ्यांत उडू देऊ नये, आणि सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबावा.) जमिनीतल्या धान्याच्या पेवात उघडल्या उघडल्या उतरू नये ही जुनी रीत याच कारणासाठी आहे. ओल लागलेलं धान्य आतला ऑक्सिजन संपवून बसलेलं असतं आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचलेला असतो.

बदललेली पद्धत

पिंपात मटकीचा थर ३८ सेंटीमीटर खोल होता आणि हवेला उघडा पृष्ठभाग सोळा चौरस डेसिमीटर, म्हणजे जेमतेम पाटाएवढा. श्वसन वजनाबरोबर वाढतं. हवा आत येणं आणि उष्णता बाहेर जाणं मात्र पृष्ठभागातून. माल चौपट केला आणि पृष्ठभाग उलट घटला, इथेच चूक झाली.

आता ६० बाय ४० सेंटीमीटरचे, तळाला जाळी असलेले पाच क्रेट वापरतात. प्रत्येकात भिजलेली ८ किलो मटकी, थर ५ सेंटीमीटर. खाली-वर सुती फडकं. क्रेट एकावर एक रचताना मध्ये विटेचे तुकडे घालून ८-१० सेंटीमीटर फट ठेवतात. भिजवणं ८ तासांवर आणलं, मध्ये एकदा पाणी बदलून. पाण्याखाली दाण्याला ऑक्सिजन फारसा मिळत नाही, थोडी दारू तिथेही बनते. उपसून हवा लागली की ती हळूहळू वापरली जाते, पण भिजवणं लांबवलं तर दाणा मोड फुटण्याआधीच थकतो. उपसल्यावर चाळणीवर वीस मिनिटं पूर्ण निथळू देतात. ही वीस मिनिटं वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तळाचा चिखल तिथेच जन्मतो.

ओल्या फडक्याचं महत्त्व आकड्यांत पाहण्यासारखं आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल लागतात. म्हणजे ताशी फक्त ९० ग्रॅम पाणी, चहाच्या छोट्या कपाएवढं, फडक्यावरून उडालं की ते ६० वॅट सगळे निघून जातात. हेच काम नुसतं गार पाणी शिंपडून करायचं, तर पाच अंश गार असलेलं दहा लिटर पाणी दर तासाला ओतावं लागेल. टोपली आणि फडकं ही जोडी आजीच्या काळापासून टिकली ती यामुळे. प्लास्टिकच्या झाकणाखाली वाफेला वाटच नाही.

अडचण ठाण्याच्या हवेची. खाडीकाठची दमट हवा, त्यात पावसाळा, मग फडकं वाळतच नाही. जून ते सप्टेंबर छोटा पंखा लावावा लागतो, पण क्रेटवर थेट झोत नको. पहिल्या दिवशी तसा लावला तर कडेच्या मोडांची टोकं वाळून काळी पडली. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला, हवा नुसती खेळती राहिली, आणि जमलं. दर चार तासांनी पाण्याचा फवारा, थरात बोट घातल्यावर ऊब लागते का पाहणं, एवढाच पहारा. क्रेटच्या मधला आकडा ३२-३३ च्या वर जात नाही.

पिशव्यांचं उपकथानक

मोड नीट आले आणि दुसरीकडे घोटाळा झाला. अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या घट्ट गाठ मारून दुपारी स्कूटरवरून घोडबंदर रोडला निघाल्या आणि वाहतुकीत दोन तास अडकल्या. पोचेपर्यंत पिशव्या फुगून टुमटुमीत.

फुगणं हे फार उपयोगी लक्षण आहे. ऑक्सिजन असताना दाणा जेवढे रेणू ऑक्सिजनचे घेतो साधारण तेवढेच कार्बन डायऑक्साइडचे सोडतो, म्हणून पिशवी होती तशीच राहते. किण्वनात काही आत घेतलं जात नाही, नुसता कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फुगलेली पिशवी म्हणजे आतला ऑक्सिजन संपल्याची पावती. मग तो वायू दाण्यांचा की जंतूंचा, याची चौकशी न करता ती परत घ्यायची.

आता मोड तयार झाले की मटकी आधी बर्फाच्या पाण्यातून काढून पूर्ण निथळतात आणि मगच फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर. ऊबदार ढीग तसाच फ्रिजमध्ये कोंबला तर मधला भाग कित्येक तास गरमच राहतो. दर दहा अंशांच्या घसरणीला श्वसन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, म्हणून ३० वरून ५ वर आणलेली मटकी सहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी श्वास घेते. पिशवीला दाभणाने सात-आठ भोकं, आणि स्कूटरवर बर्फाचा डबा.

निळं पिंप गाळ्यातच आहे. त्यात आता गोणीतली कोरडी मटकी भरून ठेवतात, झाकणाची कडी घट्ट आवळून. दहा टक्क्यांच्या आसपास ओल असलेल्या त्या दाण्यांचं श्वसन इतकं मंद असतं की निरांजन सोडलं तर तेवत राहील.